बाजारातून किल्ल्याकडे : मुलांसोबत बटाव्हियाचे चित्र पाहताना

मुलांना जुने चित्र दाखवायचे ठरले की आपल्या तोंडून पहिले वाक्य बहुधा माहितीचे निघते : चित्रकार कोण, साल कोणते, चित्र कुठे आहे. मुले ऐकून घेतात, मान डोलावतात आणि चित्राकडे पाहतच नाहीत. कोल्हापुरात सुट्टीतल्या वर्गांमध्ये मुलांसोबत चित्रे पाहताना मी हा क्रम हळूहळू उलटा केला. त्यासाठी मला सर्वांत उपयोगी पडलेले चित्र एका दूरच्या व्यापारी बंदराचे आहे. ते मुलांपुढे कसे ठेवावे, कोणत्या ठिकाणी थांबावे आणि कोणत्या प्रश्नाला बगल देऊ नये, हे पालकांसाठी आणि शिक्षकांसाठी येथे सविस्तर लिहीत आहे.

चित्र आहे आंद्रीस बेकमन या डच चित्रकाराचे. विषय आहे बटाव्हियाचा किल्ला. बटाव्हिया म्हणजे आजचे जकार्ता. आपल्या जुन्या कागदांत ज्यांना वलंदेज म्हटले आहे, त्या डचांच्या ईस्ट इंडिया कंपनीने 1619 मध्ये जायाकार्ता हे गाव जिंकून उद्ध्वस्त केले आणि त्या जागी हे बंदर वसवले. पुढे आशियातला कंपनीचा सगळा कारभार तिथूनच चाले. बेकमन स्वतः कंपनीच्या नोकरीत तिकडे जाऊन आला होता आणि 1661 च्या सुमारास त्याने हे तैलचित्र रंगवले. ते आज आम्स्टरडॅमच्या राइक्सम्यूझियममध्ये आहे. चित्राच्या मागच्या भागात नदीपलीकडे किल्ला आहे आणि पुढच्या भागात, उंच नारळीच्या झाडांखाली, गजबजलेला बाजार आहे. नाव किल्ल्याचे असले तरी डोळा आधी बाजारात अडकतो. मुलांचाही तिथेच अडकतो, आणि तो तसा अडकू द्यावा.

प्रत आणि जागा

राइक्सम्यूझियम आपल्या संग्रहातील चित्रांच्या मोठ्या आणि स्पष्ट प्रती संकेतस्थळावरून विनामूल्य उतरवून घेऊ देते. मूळ चित्र 108 सेंटिमीटर उंच आणि 151.5 सेंटिमीटर रुंद आहे. हे प्रमाण नेहमीच्या छपाईच्या कागदाशी जवळजवळ तंतोतंत जुळते. त्यामुळे कुठल्याही डिजिटल छपाईच्या दुकानात ए-1 आकाराची प्रत काढून घेतली, तर चित्राची कड कापली जात नाही आणि आठ-दहा मुलांना एकत्र बसून पाहता येते. मोबाइलच्या पडद्यावर हे चित्र दाखवू नये. त्यातली माणसे इतकी बारीक होतात की मुले दोन बोटांनी चित्र ताणत बसतात आणि पूर्ण दृश्य एकदाही नजरेत येत नाही. प्रत भिंतीवर मुलांच्या डोळ्यांच्या उंचीला लावावी आणि तिच्याभोवती खडूने मूळ चित्राएवढी चौकट आखावी. खरे चित्र केवढे आहे, हे सांगण्याची मग गरज उरत नाही.

पहिली बैठक फक्त बाजाराची

पहिल्या दिवशी नाव, गाव, साल यांपैकी काहीही सांगू नये. पोस्टकार्डाएवढ्या पुठ्ठ्यात रुपयाच्या नाण्याएवढे भोक पाडून प्रत्येक मुलाला एकेक पुठ्ठा द्यावा. त्या खिडकीतून चित्राचा एकच तुकडा दिसतो, त्यामुळे नजर सैरभैर होत नाही. पाच मिनिटे सर्वांनी न बोलता पाहायचे आणि नंतर प्रत्येकाने आपल्याला सापडलेली एक गोष्ट सांगायची. दुसऱ्याने सांगितलेली गोष्ट पुन्हा सांगायची नाही, एवढा एकच नियम ठेवावा. पाच मिनिटे फार वाटतात. दुसऱ्या मिनिटाला चुळबुळ सुरू होते आणि मोठ्यांनाच राहवत नाही, म्हणून ते काहीतरी दाखवू लागतात. ते टाळावे. माझ्या अनुभवात सर्वांत नेमकी निरीक्षणे चौथ्या मिनिटानंतर येतात.

मुलांना फळे विकणारी माणसे सापडतात, टोपल्या सापडतात, तऱ्हेतऱ्हेचे पोशाख सापडतात. चेंडू खेळणारी माणसे सापडली की वर्गात एकच आनंद होतो. वेताचा विणलेला चेंडू पायाने हवेत तरंगत ठेवण्याचा हा खेळ त्या भागात आजही खेळला जातो. या टप्प्यावर मुलांना आपल्या बाजाराकडे वळवावे. कोल्हापूरच्या कपिलतीर्थ मंडईत सकाळी गेले तर काय दिसते? भाजी विकणारी बाई कशी बसते, गिऱ्हाईक कसे वाकते, पाटी डोक्यावरून उतरवायला दुसऱ्याचा हात कसा लागतो? मुलांना हे सगळे ठाऊक असते. मग चित्रातल्या माणसांमध्ये कोण विकायला आले आहे, कोण घ्यायला आले आहे आणि कोण नुसतेच फिरायला आले आहे, हे ती उभे राहण्याच्या आणि बसण्याच्या ढबीवरून ओळखू लागतात. चित्र वाचण्याची ही खरी सुरुवात होय, आणि तिच्यासाठी इतिहासाचा एकही शब्द लागत नाही.

पाच-सहा वर्षांच्या मुलांसाठी एवढेच पुरे. त्यांना चित्रातले एक माणूस निवडून त्याच्यासारखे उभे राहायला सांगावे, आणि त्या दिवशी तिथेच थांबावे.

कोण कोठून आले?

दुसऱ्या बैठकीत पृथ्वीचा गोल किंवा मोठा नकाशा जवळ ठेवावा. आता बंदराचे नाव सांगावे आणि दोरा घेऊन अंतरे मोजावीत. हॉलंडहून निघालेले जहाज आफ्रिकेला वळसा घालून बटाव्हियाला पोहोचायला सहा ते आठ महिने लागत. या बाजारात जावामधले स्थानिक लोक आहेत, चिनी व्यापारी आहेत आणि डचही आहेत. त्यांच्यासोबत एक असा समाज आहे, ज्याच्याबद्दल मराठी मुलांना आवर्जून सांगावे. त्यांना मार्डाइकर म्हणत. हे लोक बहुतांशी पूर्वी गुलाम असलेले आणि नंतर मोकळे झालेले, किंवा अशांचे वंशज होते. त्यांच्यापैकी अनेकांची मुळे हिंदुस्थानच्या किनाऱ्यांवर होती, ते पोर्तुगीज बोलत आणि ख्रिस्ती धर्म पाळत. मार्डाइकर या नावाच्या मुळाशी ‘महर्द्धिक’ हा संस्कृत शब्द आहे. महा आणि ऋद्धी, म्हणजे मोठ्या समृद्धीचा माणूस. मलय भाषेत जाता जाता त्याचा अर्थ ‘मुक्त’ असा झाला आणि त्यातूनच आलेला ‘मर्देका’ हा शब्द इंडोनेशियाच्या लोकांनी 1945 मध्ये स्वातंत्र्याची घोषणा म्हणून उच्चारला. सातवी-आठवीतल्या मुलांना हा शब्दाचा प्रवास फार आवडतो. फळ्यावर संधी सोडवून दाखवावी.

छत्री कोणी धरली आहे?

या चित्रात एक डच गृहस्थ आणि त्याची आशियाई पत्नी बाजारातून चालली आहेत आणि त्यांच्या मागून एक जण त्यांच्यावर छत्री धरून चालला आहे. एखादे मूल हे दृश्य स्वतःहून दाखवील तेव्हा थांबावे. कोणी दाखवले नाही, तर दुसऱ्या बैठकीच्या शेवटी आपण विचारावे : सावली कोणावर पडली आहे?

आमच्या वर्गात एका मुलाने बराच वेळ पाहून सांगितले होते, “सर, छत्री त्यानं धरलीया, पर त्येच्याच डोस्क्यावर ऊन हाय.” या वाक्यानंतर शिक्षकाने लगेच व्याख्यान सुरू करू नये. मुलांना तर्क करू द्यावेत. ती म्हणतात की तो नोकर असेल, मुलगा असेल, पगार मिळत असेल. कोल्हापूरच्या मुलांना छत्र आणि अब्दागिरी माहीत असतात. देवीच्या पालखीवर छत्र असते, दसऱ्याच्या सोहळ्यात मानाची चिन्हे असतात, म्हणून काही मुले हा मानाचा प्रकार आहे असे म्हणतात. ते बरोबरही आहे. बटाव्हियात डोक्यावर छत्री धरवून घेणे हा खरोखरच प्रतिष्ठेचा भाग होता. फरक एवढाच, की ती धरणारा माणूस विकत घेतलेला होता.

हे साध्या शब्दांत सांगावे. लपवू नये आणि भयानक तपशिलांनी भरूनही टाकू नये. बटाव्हियातले पुष्कळ लोक गुलाम होते, त्यांना बंगालमधून, आजच्या म्यानमारमधल्या आराकानमधून, हिंदुस्थानच्या पूर्व किनाऱ्यावरून आणि इंडोनेशियाच्या इतर बेटांवरून जहाजांतून आणले जाई. त्यांना परत जाता येत नसे, आणि चित्रातल्या या माणसाचे नाव कोणी लिहून ठेवलेले नाही. नऊ-दहा वर्षांच्या मुलाला एवढे समजते आणि पेलवते. मुले नंतर विचारतात, “आपल्याकडे गुलाम होते का?” याला होय असेच उत्तर द्यावे. कुणबिणी आणि बटकी, म्हणजे गुलाम स्त्रिया, यांचे उल्लेख आपल्या जुन्या दप्तरांत जागोजागी आहेत. त्याच वेळी दुसरी गोष्टही सांगावी, आणि ती याच वलंदेजांशी जोडलेली आहे. 1677 मध्ये कर्नाटकच्या मोहिमेत शिवाजी महाराजांनी वलंदेजांना व्यापाराच्या सवलती दिल्या, तेव्हा आपल्या मुलखात स्त्री-पुरुषांची गुलाम म्हणून खरेदी-विक्री करण्यास त्यांना स्पष्ट मनाई केली. पूर्वीच्या राजवटीत हा व्यापार चालत होता, आता चालणार नाही, असा त्या अटीचा आशय होता. चित्रातली छत्री आणि ही अट यांच्यात सोळा-सतरा वर्षांचे अंतर आहे. दोन्ही गोष्टी एकत्र ठेवल्या की मुलांना कळते की हा व्यापार त्या काळातही सर्वांना बिनबोभाट मान्य नव्हता.

या भागासाठी पुरेसा वेळ ठेवावा. घंटा व्हायला पाच मिनिटे उरली असताना हा विषय काढू नये.

मसाल्याचा डबा

तिसऱ्या बैठकीला घरातला मसाल्याचा डबा आणायला सांगावे. कोल्हापुरात असा डबा नसलेले घर विरळाच. त्यातून लवंग, दालचिनी, मिरी, जायफळ आणि जायपत्री काढून पांढऱ्या कागदावर मांडावीत. सतराव्या शतकात लवंग मालुकूच्या बेटांवरून येई, उत्तम दालचिनी सिलोनमधून, मिरी मलबारातून आणि सुमात्रातून. जायफळ तर तेव्हा जगात फक्त बांदा नावाच्या चिमुकल्या बेटांवर होत असे. जायपत्री हे जायफळाच्या बीवरचेच लाल जाळीदार आवरण असते, हे मुलांनाच काय, पुष्कळ मोठ्यांनाही माहीत नसते. सालीसकट जायफळ मिळाले तर अवश्य दाखवावे.

मग विचारावे, हॉलंडमधल्या माणसाने हे मसाले कशाच्या बदल्यात घेतले असतील? मुले सोने म्हणतात, पैसे म्हणतात. उत्तर आपल्या जवळचे आहे. मसाल्याच्या बेटांवर सर्वांत जास्त मागणी हिंदुस्थानी कापडाची होती. कंपनी गुजरातेतून आणि कोरोमंडलच्या किनाऱ्यावरून कापड घेई, ते बटाव्हियामार्गे बेटांवर नेई, त्यावर मसाला घेई आणि तो मसाला युरोपात प्रचंड नफ्याने विकी. याचा खेळ करता येतो. मुलांचे तीन गट करावेत, एकाकडे कापडाचे तुकडे, दुसऱ्याकडे लवंगा आणि तिसऱ्याकडे चांदीची नाणी म्हणून बिल्ले द्यावेत. लवंगवाल्यांना चांदी नको, कापड हवे, असे आधी ठरवून द्यावे. पंधरा मिनिटांत मुलांच्या ध्यानात येते की मधल्या बंदरावर ज्याचा ताबा, त्याच्याच हातात भाव.

दहा-बारा वर्षांवरील मुलांना खेळ संपल्यावर बांदा बेटांचे पुढे काय झाले, तेही सांगावे. बटाव्हिया वसवणाऱ्या यान पीटरसोन कून यानेच 1621 मध्ये जायफळाची मक्तेदारी मिळवण्यासाठी त्या बेटांवर स्वारी केली. तिथले बहुतेक रहिवासी मारले गेले, गुलाम झाले किंवा परागंदा झाले. खेळात भाव पाडून हसणारी मुले इथे गप्प होतात. त्या शांततेत लगेच काही भरू नये.

आता नजर वर न्यावी

तीन बैठकींनंतर किल्ल्याकडे यावे. आपल्या मुलांच्या मनात किल्ला म्हणजे पन्हाळा : डोंगर, तट, दरवाजे, धान्याचे अंबारखाने, वरून दिसणारा मुलूख. चित्रातला किल्ला मात्र सपाट जमिनीवर, नदीच्या मुखाशी आहे. असे का, हे मुलांकडूनच काढून घ्यावे. पन्हाळा घाटवाटांवर लक्ष ठेवतो, तर हा किल्ला जहाजांवर आणि गोदामांवर. मोठी जहाजे बाहेर समुद्रात नांगर टाकून उभी राहत आणि लहान होड्यांतून माल नदीवाटे आत येई, म्हणून नदीच्या तोंडाशी बसलेल्याला कोणाचीही होडी अडवता येई. या किल्ल्याच्या चार बुरुजांना हिरा, माणिक, मोती आणि नीलम अशी नावे होती. ही नावे ऐकून मुलांना कोल्हापुरातली सराफांची पेठ, गुजरी, आठवते. कंपनी सराफासारखा विचार करत होती, हे त्यांना यातून आपोआप कळते.

साल सांगायची वेळ आता आली. 1661 हा आकडा कोरडा न सांगता पन्हाळ्यावरून सांगावा. 1660 मध्ये सिद्दी जौहरने पन्हाळ्याला वेढा घातला होता आणि त्या वेढ्यात राजापूरच्या वखारीतले इंग्रज तोफा-दारूगोळा घेऊन आले, त्यांनी आपले निशाण लावून गडावर मारा केला. जुलैच्या पावसात महाराज विशाळगडाकडे निसटले, पावनखिंड लढवली गेली, आणि पुढच्याच वर्षी महाराजांनी राजापूरवर जाऊन त्या इंग्रजांना कैद केले. हे सारे घडत होते त्याच सुमारास दूर पूर्वेच्या बंदराचे हे चित्र रंगत होते. व्यापारी म्हणून बंदरात आलेले लोक घाट ओलांडून आत, पन्हाळ्याच्या पायथ्याशी तोफ घेऊन का आले, या प्रश्नाचे उत्तर चित्रातच आहे : बाजाराच्या मागे किल्ला आहे.

ही गोष्ट आपल्याच मुलखातल्या एका अनुभवी कारभाऱ्याने अठराव्या शतकाच्या आरंभी लिहून ठेवली. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात टोपीकरांविषयी, म्हणजे युरोपीय व्यापाऱ्यांविषयी, सांगितले आहे, की हे लोक सावकारी करतात, पण इतर सावकारांसारखे नाहीत, कारण यांचे धनी राज्य करतात. म्हणून वखारीला समुद्राकाठी किंवा खाडीजवळ जागा देऊ नये, द्यायचीच तर किनाऱ्यापासून दूर, मोठ्या गावात द्यावी. मोठ्या मुलांना हा सल्ला समजावून सांगावा आणि चित्राकडे पाहून विचारावे, अमात्यांनी हे चित्र पाहिले असते तर बोट कुठे ठेवले असते? माझ्या मते या चित्रावर विचारता येण्याजोगा सर्वांत चांगला प्रश्न हाच आहे, आणि त्याला एकच उत्तर नाही. कोणी किल्ल्यावर बोट ठेवते, कोणी नदीवर, एखादी मुलगी छत्रीवर ठेवते.

चित्र कोणासाठी काढले?

हे मुलांना शेवटी विचारावे, आधी विचारले तर ती चित्राकडे संशयानेच पाहू लागतात. हे चित्र कंपनीच्या आम्स्टरडॅममधल्या कचेरीत लावलेले होते. ज्यांनी तो किल्ला बांधवून घेतला, त्यांच्याच भिंतीवर ते टांगले गेले. मग चित्रात भांडण का नाही, आजारी माणूस का नाही, बटाव्हियाच्या त्या कुप्रसिद्ध रोगट हवेचा मागमूस का नाही? मुले याचा विचार गंभीरपणे करतात. बेकमनने खोटे काढले असे मात्र म्हणू नये. त्याने पोशाख, खेळ, बसण्याच्या तऱ्हा फार आस्थेने टिपल्या आहेत, आणि छत्री धरणारा माणूसही त्याने वगळलेला नाही. तो किल्ला एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी पाडला गेला. आज तो पाहायचा तर याच चित्रासारख्या जुन्या चित्रांत आणि नकाशांत पाहावा लागतो.

त्यानंतर

मुलांना चित्राची नक्कल काढायला लावू नये. त्यापेक्षा एका रविवारी त्यांना घेऊन मंडईत किंवा गुळाच्या पेठेत जावे, परवानगी घेऊन तासभर बसावे आणि बेकमनसारखे पाहून काढायला सांगावे : पुढे माणसे आणि मागे, या बाजारावर ज्याची सत्ता चालते असे त्यांना वाटते, ती इमारत किंवा ती वस्तू. आमच्या मुलांपैकी एकाने मागे मोठा वजनकाटा काढला होता.

टाउन हॉलच्या संग्रहालयात ब्रह्मपुरीच्या टेकडीवर सापडलेली समुद्रदेव पोसायडनची छोटी ब्राँझची मूर्ती आहे. ती रोमशी चाललेल्या प्राचीन व्यापारातून समुद्र आणि घाट ओलांडून पंचगंगेच्या काठी आली. बंदरांचा आपल्याशी काय संबंध, असे विचारणाऱ्या मुलाला ती दाखवावी. आणि जमल्यास सहल वेंगुर्ल्याला न्यावी. वलंदेजांनी 1637 साली तिथे वखार घातली होती आणि तिचे पडके अवशेष अजून उभे आहेत. जाताना चित्राची लहान प्रत आणि पुठ्ठ्याच्या त्या खिडक्या बरोबर घ्याव्यात. वखारीच्या भिंतीसमोर मुलांना पाच मिनिटे न बोलता पाहू द्यावे आणि मग बंदर किती दूर आहे, ते चालत मोजायला सांगावे.